गावठी सानछी

२७ सप्टेंबर, रविवार. ऊन.

पहिल्या ओळीत तारीख, वार, हवा. मग घडलेलं, आणि शेवटी मनाला काय वाटलं ते. अडतीस वर्षं मी शाळेतल्या मुलांच्या दैनंदिन्या तपासल्या, शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं गोल केल्या आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले आहे, कारण आमचा म्हातारा गोळीच्या गुंगीत घोरतो आहे आणि घरात चुका काढायला दुसरं कोणी नाही.

सकाळी बागेत सफरचंदांवरच्या कागदी पिशव्या काढत होतो. खालच्या फांद्या माझ्याकडे, वरच्या त्याच्याकडे. मी म्हटलं, "चांगशुन, शिडीचा मागचा पाय हलतोय." तो वरून म्हणाला, "मास्तरीणबाई, आता शिडीला पण शिकवणार का?" आणि पुढच्याच क्षणी धाडकन खाली. ऊन खालूनही फळांवर परतावं म्हणून झाडाखाली अंथरलेल्या चंदेरी कागदावर पडला, म्हणून डोकं वाचलं. उजवीकडच्या दोन फासळ्यांना चीर गेली, घोटा सुजला. गावच्या डॉक्टरनं पट्टा आवळून बांधला आणि दीड महिना हलायचं नाही म्हणून बजावलं.

फळांना रंग चढायच्या दिवसांत हे! मनाला काय वाटलं? राग आला. त्याचा आणि शिडीचा.

३ ऑक्टोबर, शनिवार. दिवसा ढगाळ, रात्री चंद्र दिसला.

पौर्णिमेचा सण. मुलगी निंग सुजौहून येऊ शकली नाही, कारखान्यात सुट्टी नाही म्हणाली. ताई मात्र आली. ताई म्हणजे चांगशुनची थोरली बहीण फेंगश्या. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ही चौदा. त्याला पाठीला बांधून हिनं शेतं खुरपली. पुढे लांबची चांगली स्थळं नाकारून दोन गल्ल्यांपलीकडे लग्न केलं, का, तर भावाच्या चुलीचा धूर दिसला पाहिजे. आजही तो धूर उशिरा निघाला की ती विचारायला येते.

सणाचे गोल केक आणलेच, शिवाय साबणाच्या जुन्या बादलीत मातीसकट एक रोप, आणि काचेच्या बरणीत ज्वारीच्या दारूत बुडवलेली मुळं. गावठी सानछी. खरी सानछी दूर युन्नानच्या डोंगरात होते आणि औषधाच्या दुकानात डबीतून मिळते. ही आपल्या अंगणातली. मार लागला, रक्त साकळलं, की हिचं मूळ दारूत आणि पान अंड्यात.

"दुकानातल्या सानछीला काय सोनं लागलंय?" ताई म्हणाली. "गुण तोच. उलट ही ताजी."

म्हातारा एक वाटी प्यायला आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाला, "ताई, एवढी कडू, म्हणजे फासळ्या घाबरूनच जुळतील."

रोप मी दक्षिणेच्या भिंतीशी लावलं. पानं कातरलेली, देठ जांभळट. दिसायला छान आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार. ऊन, वारा.

सफरचंदांची तोडणी संपत आली. साहेब बाजेवर बसून सगळ्यांना हुकूम सोडतात. फासळ्यांचं दुखणं निम्म्यावर आलं आहे. ताईच्या बरणीतली वाटी रोज जेवणानंतर न चुकता देते. बरणी संपली तर ताईनं दुसरी भरून आणली. ती स्वतः पीत नाही, दारूच्या वासानंच तिला मळमळतं. तिचे गुडघे इतके दुखतात, पण चांगली मुळं सगळी भावाला.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. धुकं.

त्याच्या विजारीचं बटण लागत नाही. मी म्हटलं, "कितवा महिना?" तो म्हणाला, "मास्तरीण खायला घालते आणि मास्तरीणच हिशेब विचारते." बसून बसून सुटला आहे. उद्यापासून संध्याकाळची एक पोळी कमी.

११ नोव्हेंबर, बुधवार. थंडी पडली.

सुटलेला नाही. हात-पाय काटकुळे आणि पोट तेवढं ताणलेलं, कातडी चकचकीत. उजव्या कुशीत दुखतं. बुटात पाय जात नाही. निंगच्या मित्राच्या गाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात नेला. पोटात पाणी झालं आहे म्हणे.

तिथल्या डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "दारू किती वर्षं पिताय?"

म्हातारा भडकला. "लग्नात आणि नववर्षाला. आणि आता हाडं मोडली म्हणून जेवणानंतर एक वाटी."

"रोज?"

"रोज."

"मग बरोबर," असं म्हणून त्यानं काहीतरी खरडलं. सुईनं पाणी काढलं, बादली निम्मी भरली. दारू थेंबभरही नको म्हणून सांगितलं. भिंतीवरच्या सूचनेत 'यकृत' शब्द चुकीचा लिहिला होता. मी दाखवून दिलं, तर परिचारिका हसली.

घरी येऊन बरणी ताईला परत केली. ती म्हणाली, "दारू नको ना? मग पाण्यात उकळू. पानं अंड्यात शिजवू. मला आधीच वाटलं होतं, दारूनंच उष्णता केली असेल."

मलाही ते पटलं. आता सकाळी पानांचा काढा आणि संध्याकाळी अंडी.

२१ नोव्हेंबर, शनिवार. पाऊस.

पोट पुन्हा भरलं. डोळे पिवळे झाले. ज्याला चार वाट्या रस्सा कमी पडायचा, तो दोन घास खाऊन ताट सरकवतो. तालुक्याचा डॉक्टर या वेळी मान वर करून बोलला. दारूचा आजार इतक्या झटपट वाढत नाही म्हणाला. यकृतातून रक्त बाहेर नेणारी शीर तुंबली असावी, श्वीचौ शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्या.

मी रात्रभर, म्हणजे जागी असेपर्यंत, त्याच्या पोटावर हात ठेवून पडले होते. आत पाणी हललेलं हाताला कळतं. मला भीती वाटते आहे.

२४ नोव्हेंबर, मंगळवार. श्वीचौ. ढगाळ.

इथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव गाओ. निंगपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. पण बोलते छान, एक एक शब्द स्वच्छ. माझ्या वर्गात असती तर पहिल्या बाकावर बसवली असती.

तिनं चांगशुनला विचारलं, "काका, बागेत चर आहेत का?"

"आहेत की. पाणी साचलं तर मुळं कुजतात."

"तुमच्या यकृताचं तेच झालंय. रक्त आत येतंय, बाहेर जायचा चर तुंबलाय. म्हणून यकृत सुजलं आणि पाणी झिरपून पोटात उतरलं."

या आजाराला दोन परदेशी डॉक्टरांचं जोडनाव आहे, बड-कियारी. जगात हा फारसा कोणाला होत नाही. पण पीत नदीच्या जुन्या पात्राकाठी, आमच्या या भागात, त्याचे रोगी बरेच सापडतात. शिरेत पातळ पडदा धरतो. बारीक नळीतून आत फुगा नेऊन फुगवला की पडदा फाटतो आणि रक्त धावू लागतं. तिनं असे कितीतरी रोगी पायांनी चालत घरी पाठवले आहेत. हे ऐकून चांगशुनचा चेहरा उजळला. माझाही उजळला असणार.

मग तिनं विचारलं, "घरगुती औषध, झाडपाला, काही चालू होतं?"

मी म्हटलं, "सानछी. मार लागला म्हणून."

खरं म्हणजे गावठी सानछी. पण त्या मुलीच्या स्वच्छ बोलण्यापुढे 'गावठी' शब्द तोंडातून निघेना. आयुष्यभर मुलांच्या तोंडातले गावठी शब्द काढून तिथे पुस्तकातले बसवले, आणि आता आपणच खेडवळासारखं बोलायचं? गिळला शब्द. ती "सानछी ठीक आहे, त्यानं काही होत नाही. तपासण्या होईपर्यंत बंद ठेवा" म्हणाली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. गुण तोच, मग नावाला काय करायचं?

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. ऊन.

फुगा लागलाच नाही.

मांडीतून नळी घालून शिरांचे फोटो काढले. त्याला आत नेलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तरीण, फुगा फुगवून आलोच." तासाभरानं बाहेर आणला. पाठोपाठ गाओबाई आल्या. मोठी शीर मोकळी, तिला मिळणाऱ्या तिन्ही शिरा चेपल्यासारख्या झाल्या आहेत, पण मोकळ्या. पडदा नाही, गाठ नाही.

मी म्हटलं, "मोकळ्या आहेत म्हणजे चांगलंच ना?"

ती म्हणाली, "काकू, पडदा असता तर मी तो फाडला असता. मोठा चर स्वच्छ आहे आणि वाफ्यातलं पाणी हलत नाही. तुंबलंय ते त्याच्याही आत कुठेतरी, केसाएवढ्या वाटांमध्ये. कशानं, ते कळत नाही."

चांगला निकाल आला म्हणून रडणारी त्या मजल्यावर मी एकटीच असेन.

१० डिसेंबर, गुरुवार. वारा.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटात देतात, लघवी होण्याच्या गोळ्या देतात. डोळ्यांचा पिवळेपणा किंचित उतरला आहे. काल अर्धी वाटी भात खाल्ला आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बाग कशी छाटायची ते शिकवलं. कोणत्या औषधानं बरं वाटतंय ते गाओबाईंनाही नक्की सांगता येत नाही. सुधारणा अशीच राहिली तर घरी सोडते, दर आठवड्याला रक्त तपासायला या, म्हणाल्या.

२२ डिसेंबर, मंगळवार. ऊन, पण बोचरी थंडी.

घरी येऊन आठवडा झाला. आज वर्षातला सर्वांत लहान दिवस, घरोघर मोमोसारख्या करंज्या उकडतात. मी मटणाच्या केल्या, त्यानं चार खाल्ल्या. ताईनं परवापासून पुन्हा पानं घालून अंडी आणायला सुरुवात केली आहे. थंडीनं तिच्याकडचं झाड करपू नये म्हणून तिनं ते काचेखाली ठेवून जगवलं. गाओबाईंनी तपासणीपुरतंच बंद ठेवायला सांगितलं होतं, ती तपासणी झाली. अशक्तपणाला उकडलेलं अंडं चांगलंच. ताईच्या हातचं असलं की तो वाटी चाटूनपुसून संपवतो. माझ्या हातच्या करंज्यांना मात्र मीठ कमी होतं म्हणे!

ताई त्याच्यासमोर बसून प्रत्येक घास त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत बघत राहते. मला बरं वाटलं. निदान दोन हात जास्त आहेत.

३ जानेवारी, रविवार. बर्फ.

पुन्हा पोट भरलं. या वेळी आठ दिवसांतच. डोळे हळदीसारखे. मी काय चुकवलं? मीठ मोजून घालते. गोळ्या वेळेवर देते. एकही चुकवली नाही.

८ जानेवारी, शुक्रवार. श्वीचौ. बर्फ वितळतो आहे.

अक्षर बघण्यासारखं नाही. तरी आजचं आजच लिहायचं.

काल मानेतल्या शिरेतून यकृताचा कण काढला. आज गाओबाई त्याचा निकाल घेऊन खाटेशी आल्या. म्हणाल्या, बारीक वाटांचं अस्तर सोलून निघालंय आणि त्या गाळानं वाटा बुजल्यात. असं आपोआप होत नाही. काहीतरी पोटात गेलंय. "काकू, परत विचारते. शेतातलं, रानातलं, घरचं, काहीही."

मी जरा रागानंच म्हटलं, "मागेच सांगितलं होतं. सानछी."

म्हातारा डोळे मिटून पडला होता. तसाच बोलला, "अगं मास्तरीण, शहरातल्या माणसाला असं अर्धवट सांगून कसं कळणार? सानछी नाही हो डॉक्टर. गावठी सानछी. आमच्या भिंतीशी आहे, शरदात पिवळी फुलं येतात."

गाओबाईंचा हात थांबला. "कोणती?"

त्याला वाटलं, बाईंना आपली बोली कळली नाही. मग माझी नक्कल करत, वर्गात मी सांगायची तसं तोडून तोडून म्हणाला, "गा-व-ठी. कळलं? दारूत मूळ, अंड्यात पानं. आमची ताई करते."

"अजून चालू आहे?"

"मंगळवारी इथे यायला निघालो, त्या सकाळी पण खाल्लं की."

ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "काकू, तुम्ही मला सानछी म्हणाला होतात."

"गुण तोच ना?" मी म्हटलं. मला माझाच आवाज ताईसारखा ऐकू आला.

"ही दोन निराळी झाडं आहेत. नाव सोडलं तर दोघांत सारखं काही नाही. सानछीनं हे होत नाही. गावठीनं होतं. आम्ही असे रोगी पाहिलेत." मग म्हणाली, "मी पण विचारायला हवं होतं, कोणती म्हणून."

नको म्हणावं तिला. तिनं विचारलं होतं.

९ जानेवारी, शनिवार.

मनाला काय वाटलं ते लिहिता येत नाही. मुलं अशी ओळ कोरी सोडायची, तेव्हा मी गुण कापायची.

१४ जानेवारी, गुरुवार. ऊन.

यकृतातून आरपार एक कृत्रिम वाट काढून तिथे जाळीची नळी बसवली. तुंबलेलं रक्त त्या आडवाटेनं निघून जाईल. पोट उतरतं आहे. पण पिवळेपणा वाढतोच आहे. गाओबाई म्हणतात, नळी रक्ताला वाट देते, जळालेलं यकृत परत आणत नाही. ते स्वतःहून उठलं तर उठलं. निंग आली आहे. माझ्या यकृताचा तुकडा घ्या म्हणून ती त्यांच्या मागे लागली. तर त्या म्हणाल्या, वडिलांच्या छातीत जंतू शिरलेत, या अवस्थेत एवढी मोठी शस्त्रक्रिया टेबलावरच जीव घेईल.

निंग पाणी आणायला गेली तेव्हा चांगशुननं मला जवळ बोलावलं.

"ताईला सांगू नकोस."

"काय?"

"तेच. बागेतल्या फवारणीनं झालं म्हण. तिनं मला पाठीवर वाढवलं. आता या वयात तिच्या पाठीवर हे ओझं नको."

मला ताईचा इतका राग आला होता की सहा दिवस मी तिचा फोन उचलला नव्हता. राग ठेवायला कोणीतरी हवं होतं, ती सोयीची होती. मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि मग म्हटलं, "तू माझ्यावर रागावला नाहीस?"

"मास्तरीणबाईंवर?" तो म्हणाला. "सगळा वर्ग घाबरतो त्यांना." हसायला गेला आणि खोकला आला.

मी संडासात जाऊन नळ सोडला आणि रडले.

२२ जानेवारी, शुक्रवार. ढगाळ.

आज त्यानं मला विचारलं, पिशव्या काढून झाल्या का. मी हो म्हटलं. मग विचारलं, शिडी आत ठेवली का. रक्तातलं विष आता मेंदूपर्यंत जातं, नळीमुळे ते जरा जास्तच, असं गाओबाई सांगतात. पातळ औषध पाजतात, मग दुपारी तो पुन्हा स्वतःसारखा होतो. मी काहीच करू शकत नाही. उशी सरळ करते. थोड्या वेळानं पुन्हा सरळ करते.

२६ जानेवारी, मंगळवार. बर्फ.

ताईला मी फोनवर सांगितलं होतं, रस्ते बंद आहेत, येऊ नका. ती आली. पहाटेची बस धरून, थर्मास गोधडीत गुंडाळून, दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढून.

मी खाली रक्ताचा निकाल आणायला गेले होते. वर आले तर वासानंच पाय थबकले. ताई खाटेच्या कडेला बसली होती, थर्मासचं झाकण उघडं, हातात चमचा.

"तोंड बघ किती सुकलंय पोराचं," ती त्याला म्हणत होती. "यांच्या पांढऱ्या गोळ्यांनी पोट भरतं का? कोवळी पानं राहिली होती थोडी, सगळी घातली. आ कर."

चांगशुन पूर्ण शुद्धीत होता. त्यानं मला दारात पाहिलं. किंचित मान हलवली, नको म्हणून. मला नको म्हणून! आणि मग बहिणीकडे बघून तोंड उघडलं.

मी धावले आणि तिच्या मनगटावर फटका मारला. चमचा भिंतीवर आदळला, थर्मास पांघरुणावर कलंडला. मी ओरडले. पुस्तकातली भाषा कुठल्या कुठे गेली, आमच्या गावच्या तोंडानं ओरडले, "ताई, हेच हाय ते! ह्येनंच झालंय! गावठी सानछीनं!"

आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली.

"असं काय बोलतेस?" ताई म्हणाली. "हे तर मी..."

"तिचं डोकं फिरलंय, ताई," चांगशुन म्हणाला. "जागरणानं. फवारणीनं झालंय हे. डॉक्टर म्हणाले."

ताईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणापासून खोटं बोलताना तो खालचा ओठ आत ओढतो. मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं होतं, तिला तर तो बोलायला लागला तेव्हापासून माहीत होतं.

मी खाली बसले, तिच्या गुडघ्यांशी. म्हटलं, "तुम्हाला माहीत नव्हतं, ताई. तुम्हाला कोणी विचारलंही नव्हतं. मला विचारलं होतं. नोव्हेंबरात, तोंडावर. मी नुसतं सानछी म्हटलं, गावठी म्हणायची लाज वाटली. म्हटलं असतं तर तेव्हाच बंद झालं असतं."

मला वाटलं ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला आणि पांघरुणावरची पानं टिपायला लागली. मी हात पुढे केला तर तो बाजूला सारला. एक एक पान टिपून रुमालात बांधलं, थर्मास पिशवीत घातला आणि कोणाकडे न बघता निघून गेली. चांगशुन "ताई, ए ताई" म्हणत राहिला.

२८ जानेवारी, गुरुवार. ऊन.

निंग कपडे आणायला गावी जाऊन आली. ताई परवा बसमधून उतरली ती घरी गेलीच नाही. जिला जिला तिनं या झाडाची फांदी दिली होती, त्या प्रत्येक घरी कुदळ घेऊन गेली. गोठलेल्या मातीतून मुळं उपसली, बरण्या नाल्यात रिकाम्या केल्या. कोणी का म्हणून विचारलं तर सांगायची, "माझ्या भावाचं यकृत मी जाळलं ह्यानं." आमच्या भिंतीशी आता खड्डा आहे, असं निंग म्हणाली.

तिनं सगळं स्वतःवर घेतलं. माझा शब्द तिनं कोणाला सांगितला नाही.

३० जानेवारी, शनिवार. हवा बघितली नाही.

सकाळी गाओबाईंनी मला बाहेर नेलं. नळी चालू आहे, पाणी उतरलंय, पण यकृत उठत नाही. आता थांबायचं आणि बघायचं. मी विचारलं, कधीपर्यंत. त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या. अशी स्वच्छ बोलणारी मुलगी, तिच्याकडेही शब्द नव्हता.

वळले तर कॉरिडॉरच्या बाकावर ताई. हात बाह्यांत खुपसून, रिकाम्या हातांनी आलेली. कधीपासून बसली होती कोण जाणे. मी म्हटलं, "आत चला." तिनं मान हलवली, नाही.

दुपारी त्याला जाग आली. आज जीभ जड आहे, पण माणसं ओळखतो. म्हणाला, "बाहेर ताई खोकली."

"हो."

"तहान लागलीय. तिला म्हणावं, पाज."

मी बाहेर जाऊन सांगितलं. ताई बाकाची कड घट्ट धरून म्हणाली, "माझ्या हातनं? नको गं. तू पाज."

"त्यानं तुम्हाला बोलावलंय, ताई."

बऱ्याच वेळानं ती उठली. माझ्या हातातला पेला घेतला. गरम पाण्याच्या नळाशी जाऊन विसळला, उजेडात धरून बघितला, पुन्हा विसळला. थोडं पाणी घेतलं. आधी स्वतः एक घोट प्यायली. मग खाटेशी जाण्याआधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि शाळेतल्या मुलीनं वही दाखवावी तसा तो पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"बघ," ती म्हणाली. "नुसतं पाणी आहे."

मी पेल्यात बघितलं नाही. म्हटलं, "द्या त्याला, ताई."

तिनं चमचा त्याच्या ओठांशी नेला. चमच्यातलं पाणी सांडायला लागलं. मंगळवारी ज्या मनगटावर मी मारलं, तेच मी खालून धरलं. त्यानं तोंड उघडलं, आणि प्यायला.